शारदोत्सवाचा आठवडा

(देवस्थानच्या वर्धापन सोहळ्यातील व्याख्यानाचा लेखी मजकूर)



देवस्थानच्या सोहळ्यातील व्याख्यान म्हटले की मूर्तीचे स्थलांतर, देवळाचा जीर्णोद्धार किंवा पूर्वजांचा त्याग यांपैकी एखादा विषय असणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते, आणि ती रास्तही आहे. आजचा विषय मात्र त्या मानाने लहान आहे. एका प्राथमिक शाळेतील एक आठवडा, सोमवार ते शनिवार, एवढाच त्याचा विस्तार. परंतु देवळाची घंटा वाजली असता जिच्या ओसरीवर ती स्पष्ट ऐकू येते, अशी ती शाळा आहे. त्यामुळे तिची कथा ही देवळाच्या कथेपासून फार दूरची नव्हे.

गोमंतकातील हिंदू समाजाच्या शिक्षणाचा इतिहास पाहू गेल्यास शाळा आणि देऊळ यांची फारकत फार उशिरा झाल्याचे आढळते. शासनाची भाषा पोर्तुगीज होती, आणि मुलाने मराठी अक्षर गिरवावे ही चिंता कुटुंबाची व गावाची होती. एखाद्या ऐपतदार घराच्या ओसरीवर किंवा देवळाच्या अग्रशाळेत पंतोजी बसत. धूळपाटीवर अक्षरे गिरवली जात. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी यांचा घोष तिन्हीसांजेपर्यंत चाले. पंतोजींचे जेवण गावातील घरे वाटून घेत. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, आणि त्यानंतर हिंदू समाजाच्या शिक्षणकार्याला अधिक मोकळा श्वास मिळाला. फोंडे येथे १९११ साली आल्मैद शाळा उभी राहिली. तिच्या उभारणीशी दादा वैद्य यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. त्याच्याही आधी, १९०८ साली, पणजीत मुष्टिफंड संस्थेची स्थापना झाली होती. घरोघरी रोज एक मूठ तांदूळ बाजूला काढावा आणि त्यातून शाळा चालवावी, ही कल्पना त्या नावातच साठवलेली आहे. श्रीमंताची मूठ आणि गरिबाची मूठ जवळजवळ सारखीच असते, हे त्या योजनेचे मर्म होय.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६३ च्या डिसेंबरात भाऊसाहेब बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले, आणि त्यांच्या कारकिर्दीत गावोगावी, वाड्यावाड्यांवर सरकारी प्राथमिक शाळा उघडल्या. ज्या शाळेविषयी येथे सांगावयाचे आहे, ती त्यांपैकीच एक. गावाचे नाव घेतले नाही तरी चालेल, कारण प्रत्येक श्रोत्याला ते आपलेच गाव वाटावे अशी स्थिती आहे. शाळेला स्वतःची इमारत मिळेपर्यंत तिचे वर्ग देवळाच्या अग्रशाळेतच भरत असत. आज तिला कौलारू इमारत आहे, फरशी आहे, विजेचे दिवे आहेत. चार इयत्ता, दोन शिक्षिका आणि पटावर सतरा मुले.

आश्विन शुद्ध पक्षात सरस्वतीचे आवाहन मूळ नक्षत्रावर, पूजन पूर्वाषाढावर, बलिदान उत्तराषाढावर आणि विसर्जन श्रवणावर करावे, असे शास्त्र सांगते. शाळा आपल्या सोयीने एखादा दिवस ठरवतात. शेजारच्या गावची शाळा दुसरा दिवस धरते, म्हणजे परस्परांना एकमेकांकडे जाता येते. तिकडे देवळात नवरात्राचा मखरोत्सव चालू असतो. रोज रात्री कीर्तन होते आणि मखर डोलते. शेतात भात कापणीला आलेले असते, आणि परतीचा पाऊस संध्याकाळी गडगडत येऊन कापणी करणाऱ्यांची तारांबळ उडवतो. अशा सर्व गडबडीच्या ऐन मध्यावर शाळेचा शारदोत्सव येतो. यंदा मुख्याध्यापिकाबाईंनी शुक्रवार मुक्रर केला होता.

सोमवारी साफसफाई झाली. पावसाळ्यात अंगणात गुडघाभर गवत माजले होते. ते कापायला दोन पालक पहाटेच येऊन गेले, कारण सात वाजता त्यांना शेतावर पोचावयाचे होते. मुलांनी बाके बाहेर काढली, कोळिष्टके झाडली आणि फळा कोळशाने काळा केला. पहिलीतील मुलांना खिडक्यांचे गज पुसण्याचे काम मिळाले, आणि ते त्यांनी ज्या गांभीर्याने केले ते पाहून मध्यान्हीचे जेवण घेऊन आलेल्या स्वयंसाहाय्य गटाच्या बायकाही क्षणभर थबकल्या.

मंगळवार हा निमंत्रणपत्रांचा दिवस होता. छापील पत्रिका स्वस्तात मिळत असताना हाताने पत्रे लिहिण्याचा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारल्यास बाईंचे उत्तर ठरलेले होते, की पत्र लिहिल्यावाचून मायना कळत नाही. वडीलधाऱ्यांना काय लिहावे, बरोबरीच्यांना काय लिहावे, ‘कृपाभिलाषी’ कोठे आणि ‘आपला’ कोठे, हे मुलांनी त्या एका सकाळी आत्मसात केले. पत्रे कोणाकोणाला धाडावयाची हे ठरवण्यासाठी बाईंनी कपाटातील जुने जनरल रजिस्टर काढले आणि चौथीच्या पाच मुलांसमोर उघडून ठेवले.

पहिले पान १९६४ सालचे. शाई तपकिरी झालेली, अक्षर मात्र वळणदार. त्या एका वर्षी दाखल झालेल्या मुलांची नावे मुलांनी मोजली तेव्हा ती एकसष्ट भरली. महाजनांच्या घराण्यांची आडनावे त्यांत ओळीने होती. त्यांच्या शेजारीच भाविणीच्या घरातला मुलगा होता, कुळागरात राबणाऱ्याचा होता, गुरवाचा होता, गावड्याचा होता. देवळात ज्यांच्या उभे राहण्याच्या जागा वेगवेगळ्या होत्या, ते सगळे रजिस्टरात एकाखाली एक आले होते. मुलांना त्यात आजोबांची नावे सापडली, तेव्हा मोठा आनंद झाला. देवस्थानचे विद्यमान खजिनदार तेथे सातव्या वर्षी दाखल झालेले होते. मुले पाने उलटू लागली. १९८० नंतर नावे विरळ होत गेली. महाजन घराण्यातील शेवटचे नाव १९९८ सालचे निघाले. त्यानंतरच्या पानांवर ती आडनावे नाहीत. “बाई, हे लोक गाव सोडून गेले काय?” असे एका मुलाने विचारले. बाई म्हणाल्या, “काही गेले. काही येथेच आहेत.” आणि त्यांनी पत्राचा मायना पुन्हा एकदा फळ्यावर लिहिला.

बुधवारी हिशेब झाला. उत्सवाला सुमारे दोनशे माणसे येतील असा अंदाज होता. प्रत्येकाला मूठभर उकडलेले चणे प्रसाद म्हणून द्यावयाचे, तर चणे किती आणावेत? तिसरी-चौथीच्या मुलांनी आदल्या दिवशीच्या उरलेल्या उसळीतले चणे आपल्या मुठीत भरून तराजूवर ठेवले. एक मूठ साधारण पन्नास ग्रॅम. दोनशे मुठी म्हणजे दहा किलो. परंतु चणे भिजून शिजले की वजनाने सुमारे दुप्पट होतात. म्हणून कोरडे चणे पाच किलो. हे गणित पाठ्यपुस्तकात असते तर कदाचित अर्ध्या मुलांनी ते चुकवले असते. येथे चूक झाली तर कोणाला तरी प्रसाद कमी पडणार होता, म्हणून प्रत्येकाने ते तीनदा करून पाहिले. त्यानंतर पंचखाद्याची यादी झाली. चणाडाळ, गूळ, खोबरे, तीळ, वेलची. कोणाच्या घरून काय येईल ते लिहिले गेले. समया, जाजम आणि झांजा दरसालप्रमाणे देवळातून यावयाच्या होत्या.

त्याच दिवशी सायंकाळी देवस्थानच्या कचेरीत एक अडचण उभी राहिली.

पूजेला बसणारा मुलगा महाजन घराण्यातील आणि मुंज झालेला असावा, अशी शाळेतील रीत पहिल्या वर्षापासून चालत आलेली होती. रजिस्टरात तशी नावे होती तोवर प्रश्नच नव्हता. ती संपल्यावर शहरातील शाळेत जाणारा एखादा महाजनांचा मुलगा पूजेच्या सकाळी मोटारीने आणला जाई. तो सोवळे नेसून पाटावर बसे, पूजा करी, नारळ घेई आणि दहाच्या आत परत जाई. शाळेतील मुले भिंतीला पाठ लावून ते पाहत असत. यंदा नेमकी शुक्रवारी त्या मुलाच्या शाळेत परीक्षा निघाली. दुसऱ्या दोघांकडे विचारणा झाली. त्यांच्याकडेही तेच. तेव्हा पूजा रविवारी ढकलावी, असे कोणी सुचवले.

मुख्याध्यापिकाबाई समया मागण्यासाठी आल्या होत्या. त्यांनी ते ऐकले आणि शांतपणे म्हटले, “खजिनदारबाब, पाट्या या मुलांच्या, वह्या या मुलांच्या. त्यांचीच पूजा व्हायची आहे. मग बसायला बाहेरून कशाला आणायचे? चौथीच्या हजेरीत जे पहिले नाव आहे, ते बसेल.”

हजेरीतले पहिले नाव एका मुलीचे होते. तिचा बाप चिऱ्याच्या खाणीवर कामाला. बेळगावच्याही पलीकडच्या एका खेड्यातून ते कुटुंब येथे आलेले. घरात कानडी, अंगणात कोकणी आणि पुस्तकात मराठी, अशा तिन्ही भाषांत ती मुलगी चार वर्षांत सरावली होती. निमंत्रणपत्रांत सर्वांत सुवाच्य अक्षर तिचेच होते. खुद्द खजिनदारांच्या घरी जे पत्र आले होते, ते तिने लिहिलेले होते. फक्त त्यांना ते ठाऊक नव्हते.

कचेरीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. एका गृहस्थांनी रूढीची आठवण करून दिली. दुसरे म्हणाले की, शाळा सरकारी आहे, तेथे देवस्थानने आग्रह धरू नये. परंतु मग समया आणि जाजमही देवस्थानची कशाला, हा प्रश्न त्यांच्याच बोलण्यातून निघाला आणि तो त्यांनाच आवडला नाही. खजिनदारांनी अखेर एवढेच म्हटले, “भटजींना विचारू. त्यांची हरकत नसेल तर आमची नाही.” हे उत्तर शहाणपणाचे की जबाबदारी टाळणारे, याचा निर्णय ज्याने त्याने करावा. बाई समया घेऊन गेल्या. रात्री त्या खाणीजवळच्या खोपटीत जाऊन मुलीच्या वडिलांना भेटल्या, तेव्हा आनंद होण्याऐवजी तो माणूस घाबरला. “आमच्यामुळे देवाच्या कामात काही उणे राहायला नको,” असे तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. त्याची समजूत घालणे हे कचेरीतल्या मंडळींची समजूत घालण्यापेक्षा अवघड गेले.

गुरुवारी तालीम आणि सजावट एकदमच चालू होती. आंब्याच्या डहाळ्यांची तोरणे, झेंडूच्या माळा, रंगीत कागदांच्या साखळ्या. मोठ्या मुलींची फुगडी ओसरीवर, शिवरायांच्या बालपणाचा प्रवेश वर्गात आणि समूहगीत या दोहोंच्या मध्ये, त्यामुळे कोणाचे काय चालले आहे ते कोणालाच कळत नव्हते. दुसरीच्या मुलांनी पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली. आडवे-उभे एक मांडत गेले की त्यांतून देवीची आकृती उभी राहते, ही आपल्याकडील फार जुनी युक्ती. अक्षर आणि अंक यांची देवता अंकातूनच साकार व्हावी, याहून समर्पक ते काय असणार! सतरा पाट्या भिंतीशी ओळीने मांडल्या गेल्या. एकीचेही चित्र दुसरीसारखे नव्हते.

शुक्रवार उजाडला. भटजी मखरोत्सवाच्या जागरणाने दमलेले होते, तरी वेळेवर आले. त्यांना आदल्या रात्रीच सर्व सांगण्यात आले होते. त्यांनी पाटावर बसलेल्या मुलीकडे पाहिले, आचमन सांगितले आणि संकल्प सुरू केला. देश झाला, काल झाला, आणि मग नेहमीच्या सवयीने त्यांनी विचारले, “गोत्र?”

मुलगी गप्प राहिली. तिला ते ठाऊक नव्हते, आणि तिच्या बापालाही नव्हते. तो दारापाशी उभा होता, त्याने मान खाली घातली. मागे थोडी कुजबुज झाली. भटजींनी मात्र सुराची लय मोडू दिली नाही. “गोत्र ठाऊक नसेल तेथे काश्यप म्हणावे, असा संकेत आहे,” ते म्हणाले. “म्हण बाळ, काश्यप.” मुलीने स्पष्ट आवाजात म्हटले, आणि संकल्प पुढे गेला.

सज्जनहो, या घटनेत नवीन काहीच घडले नाही, हेच तिचे वैशिष्ट्य आहे. कोणी सुधारणेचे भाषण केले नाही. कोणी रूढी मोडल्याची घोषणा केली नाही. ज्याला आपले मूळ सांगता येत नाही त्यालाही पंक्तीत जागा असावी, याची तरतूद आपल्या पूर्वजांनी करून ठेवलेली होती. ती वापरण्याची वेळ आपणच येऊ दिली नव्हती, एवढेच.

सायंकाळी कार्यक्रमाला अंदाजापेक्षा अधिक माणसे जमली. स्वागतगीत संपते न संपते तोच ढग गडगडले, पाऊस कोसळला आणि वीज गेली. अंगणात बसलेले लोक ओसरीत आणि वर्गात दाटीवाटीने शिरले. देवळातून आणलेल्या समया उजळल्या, काहींनी हातातील दूरध्वनीचे दिवे धरले, आणि त्या उजेडात शिवरायांच्या बालपणाचा प्रवेश ध्वनिक्षेपकाविना पार पडला. ध्वनिक्षेपक नसल्यामुळे मुलांना मोठ्याने बोलावे लागले, आणि लोकांना लक्ष देऊन ऐकावे लागले. फुगडीच्या वेळी तर कापणीहून थेट आलेल्या दोन आयाही मुलींत मिसळल्या. पाऊस उणावल्यावर देवीपुढील फळांची पावणी झाली. पहिल्या नारळावर बोली चढत चढत खजिनदारांवर थांबली. त्यांनी तो नारळ घेतला आणि तेथेच पूजा केलेल्या मुलीच्या हाती दिला. ती त्यांना पाया पडली. “पत्र तू लिहिलेस काय गे?” असे त्यांनी विचारले. कोणीतरी ते सांगितले असावे.

प्रसाद सर्वांना पुरला. पाच किलोंचा हिशेब बरोबर निघाला. आयत्या वेळी आलेल्यांसाठी मुलांनी मुठी थोड्या लहान केल्या होत्या.

शनिवारी सकाळी मूर्तीचे विसर्जन ओहळात झाले. मुले परत आली, तोरणे उतरली, बाके आत घेतली. बाईंनी जमाखर्च फळ्यावर मांडला आणि चौथीच्या मुलांकडून त्याची बेरीज करून घेतली. पावणीची रक्कम, वर्गणी, चण्यांचे, गुळाचे, कागदाचे पैसे. शिल्लक उरली ती पुस्तकांच्या कपाटाला कुलूप आणि दोन फळ्या घेण्यास पुरेशी होती. तो हिशेब आठवडाभर फळ्याच्या एका कोपऱ्यात तसाच ठेवला होता, जेणेकरून येणाऱ्या कोणालाही वाचता यावा. आपल्या देवस्थानच्या कारभारात मुखत्यार आणि खजिनदार यांना जी शिस्त पाळावी लागते, तिचा हा पहिला धडा म्हणावयास हरकत नाही.

असा हा आठवडा. त्यात भाषा आली, गणित आले, कला आली, हिशेब आला आणि माणसांशी वागण्याची रीत आली. शाळेतील उत्सवांमुळे अभ्यासाचा वेळ जातो, अशी तक्रार सुशिक्षित पालकांकडून पुष्कळदा ऐकू येते. वरील सहा दिवसांचा वृत्तांत पाहिल्यास, वेळ नेमका कोठे गेला ते दाखवणे कठीण आहे. जी मुलगी चार वर्षांपूर्वी एक शब्द न बोलता खिडकीशी बसून राहत असे, तिने दोनशे माणसांसमोर संकल्पाचे शब्द उच्चारले. तेवढे एक वर्षभराच्या शिकवणीचे फळ मानले तरी पुष्कळ झाले.

परंतु खरा प्रश्न या आठवड्याचा नाही. वर्षाचे बावन्न आठवडे असतात. एक आठवडा सारा गाव शाळेत असतो. उरलेल्या एक्कावन्न आठवड्यांत तेथे दोन शिक्षिका आणि सतरा मुले असतात. एक शिक्षिका आजारी पडली की दुसरीने चारही इयत्ता सांभाळावयाच्या. पुस्तकांचे कपाट आहे, पण पुस्तके बदलून देण्यास माणूस नाही. पट आणखी घसरला तर शाळा शेजारच्या गावच्या शाळेत विलीन होण्याची टांगती तलवार आहे, आणि खाणीवरच्या मुलांना तेवढे अंतर चालत जाणे पावसाळ्यात शक्य नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने घराजवळ शाळा मिळण्याचा हक्क मुलांना दिला आहे. तथापि, शाळा कायद्याने उघडी राहते आणि माणसांच्या वर्दळीने जिवंत राहते, हे दोन्ही खरे आहे.

महाजन कुटुंबांनी आपली मुले शहरातील इंग्रजी शाळांत घातली, याबद्दल त्यांना दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. नोकरीधंद्याची चिंता प्रत्येक आईबापाला असते. मुक्तीपूर्वीही आपल्या वाडवडिलांनी मुलांना लिसेंवमध्ये पोर्तुगीज शिकण्यास धाडले, ते याच चिंतेने. मात्र त्यांनी एक पथ्य पाळले होते. दिवसा पोर्तुगीज शिकणारा मुलगा सायंकाळी पंतोजींपुढे बाळबोध गिरवीत असे, आणि पंतोजींचे जेवण त्याच घरातून जात असे. एक शाळा धरताना त्यांनी दुसरी सोडली नाही. आपल्याकडून नेमके हेच राहून गेले. आपण मुले तर नेलीच, पण आपली पावलेही नेली. मग वर्षातून एकदा मोटारीतून एक मुलगा पूजेसाठी पाठवून आपण आपला हक्क शाबूत ठेवला. जत्रेच्या दिवशी येऊन पालखीला खांदा देणारा आणि वर्षभर देवळाकडे न फिरकणारा महाजन आपल्याला माहीत आहे. शाळेच्या बाबतीत आपण सर्वच तसे झालो आहोत.

महाजनांच्या नामावलीत नाव लागते ते जन्माने. १९३३ च्या नियमावलीपासून ती शिस्त आपण जपली आहे, आणि तिची कारणे येथे उपस्थितांना ठाऊक आहेत. शाळेच्या हजेरीपटावर नाव लागते ते उंबरठ्याच्या आत पाऊल टाकल्याने. या दोन नोंदवह्या वेगळ्या आहेत आणि वेगळ्याच राहाव्यात. परंतु पहिल्या नोंदवहीत ज्यांची नावे आहेत, त्यांच्यावर दुसरीची जबाबदारी नाही, असे आपल्या पूर्वजांनी कधी मानले नव्हते. तसे मानले असते तर अग्रशाळेत शाळा भरली नसती, आणि रोजच्या भाताच्या तांदळातून एक मूठ कोणी बाजूला काढली नसती.

आज तांदळाची मूठ कोणी मागत नाही. सरकार पगार देते, पुस्तके देते, दुपारचे जेवण देते. शाळेला उणीव आहे ती वेळेची. एका घराने आठवड्यातून एक तास द्यावा. कोणी पुस्तके बदलून द्यावीत, कोणी गोष्ट सांगावी, कोणी हार्मोनियम शिकवावी, कोणी नुसते जाऊन मुलांचे वाचन ऐकावे. गावात दहा घरे अशी निघाली तर शाळेला आठवड्याचे दहा तास मिळतील. त्याला ठराव लागत नाही, अंदाजपत्रक लागत नाही, कोणाची मंजुरी लागत नाही. फक्त शिक्षिकांना आधी विचारावे, आणि ठरवलेला दिवस चुकवू नये, कारण मुले वाट पाहतात.

शारदोत्सवानंतरच्या बुधवारी सकाळी दहा वाजता खजिनदार शाळेच्या दारात उभे राहिले. बाईंना वाटले, समया परत न्यायला आले असतील. समया तर शनिवारीच पोचत्या झाल्या होत्या. खजिनदार म्हणाले की, आजकाल मुलांना पावकी-निमकी येत नाही असे ऐकले, तेव्हा थोडी शिकवून पाहावी म्हणून आलो. ते तासभर बसले. पहिल्या दिवशी मुलांनी त्यांना फारसे मनावर घेतले नाही, आणि त्यांचाही पाउणकीत एकदा घोटाळा झाला. तो घोटाळा त्या काश्यप गोत्राच्या मुलीने दाखवून दिला. पुढच्या बुधवारी ते पाठ करून आले.

ते अजून दर बुधवारी जातात. शाळेचा पट सतराच आहे. परंतु बुधवारी सकाळी देवळाच्या पायरीवर उभे राहिले तर, फार वर्षांनी, तेथून निमकीचा घोष ऐकू येतो.

 श्रींच्या कृपेने देऊळ आणि शाळा, दोहोंचे दिवे तेवत राहोत.

शुभं भवतु.